रुपयातले दोन पैसे

मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये मोबाइल उघडताना पाहायला तिकीट लावलं, तरी मी रांगेत उभा राहीन. जबलपूरकरांना ही इमारत वेगळी सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की शहरात जो फोन पडतो, भिजतो किंवा रुसून बसतो, त्याचा मालक बहुधा इकडेच वळतो. दुकान म्हणजे एक टेबल, भिंगाचा दिवा, गरम हवेची पिचकारी आणि चुंबकाची चटई. कारागीर फोनची पाठ शेकतो, प्लास्टिकची पातळ पात कडेकडेने फिरवतो आणि डिंक सुटला की पाठ अलगद उचलतो. मग तिळाएवढे स्क्रू एकेक करून चटईवर, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. त्यातला लांब स्क्रू चुकून आखूड भोकात गेला, तर खालचा बोर्ड जायबंदी होतो. आणि हे सगळं तो शेजारच्या दुकानदाराशी क्रिकेटवर वाद घालत करत असतो.

गेल्या हिवाळ्यात भाच्याचा फोन घेऊन आम्ही दोघं तिथे बसलो होतो. फोन पाण्याच्या बादलीत पडला होता. दोष फोनचा नव्हता आणि बादलीचाही नव्हता. भाचा नागपूरला नोकरीला लागलाय आणि पहिल्याच पगारात डीमॅट खातं उघडून मोकळा झालाय. उघड्या फोनकडे बघत म्हणाला, "मामा, तीन वर्षं वापरतोय, एक दिवस कुरकुर नाही. ह्या कंपनीचे शेअर घेऊन टाकू का?"

"आधी आत काय आहे ते तर बघ," मी म्हटलं.

आत सगळ्यांत मोठी दिसते ती बॅटरी. पडदा बाजूला काढून ठेवलेला, कॅमेऱ्याचे डोळे एका कोपऱ्यात. उरतो तो बोर्ड, जेमतेम दोन बोटांएवढा. त्यावर चंदेरी पत्र्याची झाकणं आणि झाकणांखाली काळे चौकोन. कारागिराने चिमट्याचं टोक त्यातल्या एका चौकोनावर टेकवलं आणि म्हणाला, "भैया, असली माल इतना ही है. बाकी सब डिब्बा."

हे एक वाक्य कळावं म्हणून शेअर बाजारात कित्येकांनी पैसे घालवले आहेत.

तो काळा चौकोन कसा बनतो, हे ऐकलं तर पुराणातली अस्त्रं फिकी वाटतात. महागड्या फोनांच्या चिपांवर नक्षी उमटवायला जो प्रकाश लागतो, तो पृथ्वीवर आपोआप कुठे मिळत नाही; तयार करावा लागतो. त्यासाठी वितळलेल्या कथलाचे थेंब निर्वात पोकळीत सोडतात, सेकंदाला पन्नास हजार. थेंब केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. उडत्या थेंबावर लेसरचा पहिला फटका बसतो, तो त्याला थालीपिठासारखा चपटा करतो; दुसरा फटका त्याचा असा काही जाळ करतो, की त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवा गिळते, काचही गिळते. म्हणून सगळा खेळ निर्वातात आणि भिंगांऐवजी आरशांवर. असं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. एका यंत्राला हजार कोटी रुपयांहून जास्त मोजावे लागतात. ती यंत्रं घेऊन तैवानची टीएसएमसी दुसऱ्यांसाठी चिपा छापून देते.

आता पैशाचा हिशेब बघा. २०२४ मध्ये टीएसएमसीने शंभर रुपयांचं काम केलं, तर सगळा खर्च आणि कर जाऊन तिच्या हातात राहिले चाळीस. त्या चिपा घेऊन आपलं नाव लावून फोन विकणाऱ्या अ‍ॅपलच्या हातात त्याच वर्षी राहिले शंभरातले चोवीस. आणि तो फोन प्रत्यक्ष जोडून, डब्यात भरून देणाऱ्या फॉक्सकॉनच्या हातात दोनच्या थोडे वर. वस्तू एकच, पण तिला हात लावणाऱ्या तिघांचं नशीब असं वेगवेगळं. अमेरिकेतल्या तीन अभ्यासकांनी २०१० च्या आयफोन ४ ची अशीच चिरफाड केली होती. विक्रीच्या किमतीतला ५८.५ टक्के वाटा अ‍ॅपलचा ढोबळ नफा निघाला. चीनमध्ये फोन जोडणाऱ्या हातांची मजुरी निघाली १.८ टक्के.

"म्हणजे जोडणाऱ्याच्या वाटेला जायचंच नाही," भाच्याने निकाल लावला.

खरी गंमत इथेच आहे. नोएडाला डिक्सन टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी आहे. ती दुसऱ्यांच्या नावाने टीव्ही, वॉशिंग मशिन, एलईडी दिवे, फोन बनवून देते. तिने बनवलेली वस्तू तुमच्या घरात असू शकते, नाव मात्र भलत्याचंच असेल. २०२३-२४ मध्ये तिची उलाढाल सुमारे १७,७०० कोटी रुपये होती आणि निव्वळ नफा सुमारे ३७५ कोटी. म्हणजे रुपयात दोन पैसे. आता हे बघा: सप्टेंबर २०१७ मध्ये हिचा शेअर लोकांना १,७६६ रुपयांना मिळाला. २०२१ मध्ये एकाचे पाच झाले, म्हणजे आजच्या एका शेअरमागे मूळ किंमत पडली साडेतीनशेच्या आसपास. २०२४ च्या अखेरीला तो शेअर सतरा हजारांच्या वर होता. पुढे खाली-वर झाला, होत राहील. पण रुपयात दोन पैसे कमावणाऱ्या धंद्यातून सात वर्षांत जवळपास पन्नासपट? पहिल्यांदा हे गणित मांडलं, तेव्हा मी कॅल्क्युलेटर पुसून पुन्हा बटणं दाबली होती.

ह्याचं उत्तर कुठल्या पुस्तकात शोधायची गरज नाही. थंडीत आपल्या मंडीत जाऊन उभं राहिलं की पुरे. जबलपूरचा मटार लांबलांबच्या बाजारांत जातो. पहाटे एखादा छोटा विक्रेता हजार रुपयांचा मटार उचलतो. संध्याकाळपर्यंत तो विकून त्याच्या हातात येतात एक हजार वीस. वीस रुपये म्हणजे दोन टक्के. ऐकून कीव येईल. पण दुसऱ्या दिवशी तेच हजार रुपये तो पुन्हा मंडीत नेतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शंभर दिवसांच्या हंगामात त्या एका हजाराने दोन हजार रुपये कमावून दिलेले असतात. आता उलट बघा. सोन्याचा एखादा भारी हार पेढीवर वर्षभर पडून राहिला आणि अखेर वीस टक्के नफ्याने गेला, तर सोनाराच्या हजाराने कमावले दोनशे. नफा किती टक्के, हा अर्धाच प्रश्न झाला. तोच पैसा वर्षातून किती फेऱ्या मारतो, हा उरलेला अर्धा. दोघांचा गुणाकार करायचा. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत डोनाल्डसन ब्राउन नावाच्या माणसाने हा गुणाकार कागदावर मांडला आणि तो सूत्र म्हणून आजही शिकवला जातो. आपल्या मंडीतल्या आजीबाई तो त्याच्याही आधीपासून करत असणार.

डिक्सनचं गुपित हेच. दोन पैशांचा नफा, पण भांडवलाच्या इतक्या फेऱ्या, की २०२३-२४ मध्ये मालकांच्या भांडवलावर वीस टक्क्यांहून जास्त परतावा पडला. (बाजार मात्र २०२४ च्या अखेरीला तिच्या वर्षभराच्या नफ्याच्या शंभरपटीहून जास्त किंमत मोजत होता. चांगल्या मटाराला सोन्याचा भाव दिला, की पुढचा हिशेब मटारावर राहत नाही.)

म्हणून अशा कंपन्यांचा ताळेबंद हातात आला, की मी नफ्याच्या आधी दिवस मोजतो. तीन आकडे. माल गोदामात किती दिवस पडून असतो. विकलेल्या मालाचे पैसे यायला किती दिवस लागतात. आणि पुरवठादारांना पैसे द्यायला कंपनी किती दिवस लावते. पहिल्या दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा करायचा. जे उरतं, तितके दिवस कंपनीचा स्वतःचा पैसा अडकलेला असतो. अ‍ॅपलचा २०२४ चा ताळेबंद घ्या. वर्षभरात विकलेल्या मालाचा खर्च सुमारे २१० अब्ज डॉलर आणि वर्षाच्या अखेरीला हातात असलेला माल साडेसात अब्जांहूनही कमी. म्हणजे बारा-तेरा दिवसांचा साठा! आपल्याकडे चांगलं चालणारं किराणा दुकानही याहून जास्त माल भरून ठेवतं. विक्रीची येणी महिनाभराची. आणि देणी? ६९ अब्ज डॉलर, म्हणजे साधारण चार महिन्यांची. बेरीज-वजाबाकी केली तर उत्तर उणे येतं. फोन विकून पैसा हातात आल्यानंतर कित्येक आठवड्यांनी पुरवठादाराला पैसे जातात. धंदा दुसऱ्यांच्या पैशावर चालतो आणि वर त्याला कोणी उधारी म्हणत नाही.

हा चमत्कार सगळ्यांना जमत नाही. देणेकऱ्याला चार महिने थांबवायचं, तर त्याला तुमची गरज तुम्हाला त्याची आहे त्याहून जास्त असावी लागते. म्हणजे ह्या कोरड्या आकड्यांत खरं तर कोण कोणापुढे वाकतो, तेच लिहिलेलं असतं. जाहिरातीत ते दिसत नाही, फोन उघडूनही दिसत नाही.

आणि दिवसांना एवढं महत्त्व का, हेही मटारच सांगेल. पोत्यात दोन दिवस राहिला की तो तापतो, पिवळा पडतो, तिसऱ्या दिवशी येईल त्या भावाने काढावा लागतो. फोन, टीव्ही, कानातले हेडफोन यांचंही तसंच. फक्त सडल्याचा वास येत नाही. सुट्या भागांच्या किमती उतरत जातात, स्पर्धकाचं नवं मॉडेल येतं, आणि गोदामातला कालचा हिरो आज सवलतीच्या फलकाखाली उभा राहतो. आकड्यात सांगायचं, तर एखाद्या कंपनीचा गोदामातला साठा विक्रीपेक्षा वेगाने वाढू लागला, की पुढच्या एक-दोन तिमाह्यांत काहीतरी पिवळं पडणार, असं समजावं.

मदनमहालच्या टेकडीवर राणी दुर्गावतीच्या किल्ल्याजवळ बॅलन्सिंग रॉक आहे. एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर इतक्याशा जागेवर टेकलेली, की खाली उभं राहायला जीव धजत नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण सगळेच त्याला तिथे नेतो. २२ मे १९९७ च्या पहाटे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जबलपूरमध्ये घरं पडली, माणसं गेली. ही शिळा जागची हलली नाही. हजारो कोटींची उलाढाल आणि तिच्याखाली दोन टक्क्यांचा आधार असलेली कंपनी दिसली, की मला ती शिळा आठवते. फरक एवढाच, की शिळेखाली ग्रॅनाइट आहे. कंपनीखाली काय आहे, ते तपासावं लागतं.

एक कंपनी मात्र हलली, आणि ती आपल्या मराठी मुलखातली होती.

नर्मदेपासूनच सुरुवात करू. जबलपूरच्या ग्वारीघाटावरून पुढे निघालेलं पाणी भेडाघाटच्या संगमरवरातून वाट काढत भरूचपर्यंत जातं आणि समुद्राला मिळतं. त्या भरूचजवळ व्हिडिओकॉन नर्मदा ग्लास नावाचा कारखाना होता. तिथे टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची काच बनायची. आमच्या पिढीने ज्या डब्यात रामायण पाहिलं, त्या डब्याच्या पोटातली ती जड काचेची सुरई. तिच्या मागच्या निमुळत्या टोकात इलेक्ट्रॉनची तोफ असते. १९०४ पासून तोफगाड्या बनवणाऱ्या आपल्या जबलपूरला हा शब्द आवडावा. ही तोफ पडद्याच्या आतल्या बाजूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करत ओळी ओढते, एका सेकंदात १५,६२५ ओळी. आपल्याला त्या ओळी दिसत नाहीत, अरुण गोविल दिसतो! आतल्या क्ष-किरणांनी प्रेक्षकाला इजा होऊ नये, म्हणून सुरईच्या काचेत शिसं मिसळलेलं. ते डबे उचलताना कंबर का धरायची, ते आता कळलं असेल.

मराठवाड्यातल्या धूत कुटुंबाने औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचं साम्राज्य उभं केलं. १९८७ मध्ये जपानच्या तोशिबाच्या तंत्रसाहाय्याने रंगीत टीव्ही निघाले. रामायणही त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालं होतं. पुढे वॉशिंग मशिन, फ्रिज, एसी. एका काळी पुण्या-नागपूरच्या किती घरांत व्हिडिओकॉनचं काही ना काही असायचं, हे वाचकांनी स्वतःचं माहेर-सासर आठवून मोजावं.

२००५ मध्ये कंपनीने मोठी उडी मारली. फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसायच तिने घेतला; इटली, पोलंड, मेक्सिको, चीन इथले कारखाने त्यात आले. त्याच सुमारास इलेक्ट्रोलक्सचा भारतातला धंदाही आला. त्या वेळी पिक्चर ट्यूबमधून बाहेर पडणारे बरेच होते, म्हणून कारखाने स्वस्त मिळत होते. डावही अगदीच वेड्याचा नव्हता: श्रीमंत देश चपट्या पडद्याकडे वळतील, पण भारतासारख्या देशात काचेची सुरई अजून बरीच वर्षं चालेल.

चालली नाही. २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगात विकल्या गेलेल्या एलसीडी टीव्हींची संख्या पहिल्यांदा पिक्चर ट्यूबवाल्यांच्या पुढे गेली. थॉमसनचा व्यवहार होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. आता काचेच्या भट्टीचा विचार करा. अशी भट्टी एकदा पेटवली, की वर्षानुवर्षं रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. विझवली, तर आतला काचेचा रस थिजून भट्टीच निकामी होते. म्हणजे मागणी निम्मी झाली, म्हणून खर्च निम्मा करता येत नाही. मटारवाला मंदीत पोतं कमी उचलतो. भट्टीवाला तेही करू शकत नाही. ह्या धंद्यात पैसा लावण्याआधी मी आता हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो: उद्या लोकांनी हा माल घेणं थांबवलं, तर कंपनीला काय काय तरीही चालूच ठेवावं लागेल?

सगळं खापर काचेवर फोडणं मात्र बरोबर होणार नाही. समूह तेलात उतरला, डीटीएचमध्ये उतरला, मोबाइल सेवेत उतरला. मोझांबिकमधल्या वायूक्षेत्रातला हिस्सा जानेवारी २०१४ मध्ये जवळपास अडीच अब्ज डॉलरांना विकला, म्हणजे तिथे हात पोळला नव्हता. पण २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २जीचे १२२ परवाने रद्द केले, त्यांत व्हिडिओकॉनचेही होते. कर्जाचा डोंगर वाढत गेला. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. समूहातल्या तेरा कंपन्यांवर मान्य झालेले दावे सुमारे ६४,८०० कोटी रुपयांचे. जून २०२१ मध्ये मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने वेदान्ता समूहातल्या ट्विन स्टारची २,९६२ कोटींची योजना मंजूर केली. न्यायाधिकरणानेच नोंदवलं, की देणेकऱ्यांना येणं असलेल्या रकमेच्या ४.१५ टक्केच मिळत आहेत. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरीही रद्द ठरवली. त्या योजनेत साध्या भागधारकांसाठी काय होतं? शून्य. शेअर बाजारातून नाव कमी व्हायचं, मोबदला काही नाही.

भागधारक सगळ्यांत शेवटी उभा असतो: आधी बँका आणि कामगार, मग सरकार, पुरवठादार, आणि सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर काही उरलं तर तो. पंगत चांगली झाली, की हाच शेवटचा माणूस गाडीभर लाडू घेऊन जातो, हेही तितकंच खरं. चितेगावचा टीव्ही चांगला होता का? आमच्या शेजारच्यांचा पंधरा वर्षं चालला. वस्तू पंधरा वर्षं टिकली आणि शेअर टिकला नाही, हे एकाच वेळी खरं असू शकतं. ते पचायला मला बराच वेळ लागला. एका कंपनीचं मिक्सर घरी छान चालतं, एवढ्याच आधारावर मी एकदा शेअर घेतले होते. मिक्सर अजून चटणी वाटतंय. शेअरबद्दल घरात बोलत नाहीत.

वस्तू फार चांगली असणं कधीकधी अंगाशीही येतं. अमेरिकेच्या गोप्रोने हेल्मेटवर लावायचा कणखर कॅमेरा काढला. जून २०१४ मध्ये शेअर २४ डॉलरला विकला, काही महिन्यांत तो ऐंशीच्या पुढे. पण डोंगरावरून आपटूनही न फुटणारा कॅमेरा एकदा घेतल्यावर दुसरा कशाला घ्यायचा? २०१६ मध्ये त्यांनी ड्रोन काढला, तो हवेतच बंद पडू लागला म्हणून परत मागवावा लागला. शेअर पुढे काही डॉलरांवर येऊन ठेपला. फिटबिटचंही तेच: २०१५ मध्ये वीस डॉलरला आलेला शेअर पन्नासाला शिवून आला आणि अखेर गूगलने कंपनी घेतली ती ७.३५ डॉलरच्या भावाने.

टिकतात त्या कंपन्या डबा विकून थांबत नाहीत. शाओमीच्या ले जुन यांनी २०१८ मध्ये जाहीरच केलं, की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर कधी जाऊ देणार नाही. कमाई फोनवरच्या सेवांतून. अ‍ॅपलच्या २०२४ च्या विक्रीत सेवांचा वाटा चौथाई होता, पण ढोबळ नफ्यात चाळीस टक्क्यांच्या जवळ. फोन हा दिंडीदरवाजा. वाडा आत आहे.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, सरकारचा हात. १ एप्रिल २०२० ला जाहीर झालेल्या उत्पादन प्रोत्साहन योजनेत सुमारे ४१,००० कोटी रुपये राखले गेले आणि भारतात बनलेल्या फोनांच्या वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के प्रोत्साहन पाच वर्षांसाठी ठरलं. जिथे नफाच दोन टक्के, तिथे प्रोत्साहन चार ते सहा! ते सगळं जोडणी करणाऱ्याच्या खिशात राहत नाही, ब्रँडवालाही वाटा मागतो. तरीही ह्या धंद्यातल्या कुठल्याही कंपनीचा अहवाल वाचताना, प्रोत्साहन वजा केल्यावर काय उरतं, ते पेन्सिलने लिहून बघावं. दुसरी गोष्ट, पैसा जातो कुठे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एलजीच्या भारतीय कंपनीचे शेअर १,१४० रुपयांना आले; पुण्याजवळच्या रांजणगावला हिचा कारखाना आहे. अर्जांची झुंबड उडाली, पहिल्याच दिवशी शेअर जवळपास दीडपट भावाने उघडला. पण सुमारे ११,६०० कोटींची ती सगळी विक्री कोरियातल्या मूळ कंपनीने आपला हिस्सा विकण्यासाठी होती. त्यातला रुपयाही रांजणगावला नवं यंत्र घ्यायला मिळाला नाही. त्यात गैर काही नाही, माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं होतं. अर्ज भरणाऱ्या किती जणांनी ते वाचलं असेल, हा प्रश्न वेगळा. अशाच अहवालांत मागच्या बाजूला दोन ओळी असतात, त्याही बघत जा: मूळ कंपनीला दिलेली रॉयल्टी, आणि वॉरंटीसाठी केलेली तरतूद. विक्री तेवढीच असताना वॉरंटीची तरतूद फुगली, तर माल परत येतोय. दुकानात जाऊन विचारण्यापेक्षा ही ओळ जास्त खरं बोलते.

एवढं सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, मग घेऊ की नको, ते सांगा ना." मी काही नोंदणीकृत सल्लागार नाही, आणि मिक्सरची गोष्ट वर सांगितलीच आहे. मी त्याला घरी जाऊन त्या कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्यायला सांगितलं आणि तीनच आकडे काढायला लावले: माल किती दिवस, येणी किती दिवस, देणी किती दिवस. पाच वर्षांचे, एकाखाली एक.

तेवढ्यात फोन जिवंत झाला. चार्जिंगचा जॅक गंजला होता. कारागिराने साडेचारशे रुपये सांगितले होते आणि फोन उघडायच्या आधीच घेऊन गल्ल्यात टाकले होते. नवा जॅक त्याने पोराला पाठवून शेजारच्या गाळ्यातून आणवला, वहीत लिहून. शेजाऱ्याचा हिशेब तो शनिवारी करतो.